रंभाबाईच्या माळ्यावरचा पाय

सोलापूरच्या मटणबाजारात वेळ बघायची तर रंभाबाईचा ओंडका बघावा. सूर्य डोक्यावरून कलला की ओंडका घासून, धुऊन, मीठ चोळून भिंतीला उभा. त्यानंतर दारात लाटसाहेब आला तरी त्याला नळीचं हाड मिळायचं नाही. उरलं तर घरी शिजायचं, घरी नको असेल तर गल्लीतल्या कुत्र्यांचं नशीब. "आजचा बोकड आज," असं ती म्हणायची आणि म्हणताना समोरच्या कोंडीबाच्या दुकानाकडं बघायची. कोंडीबा तिचा भावकीतला दीर. त्याच्या दुकानात कालचा बोकड आज असतो, असं ती कधी म्हणाली नाही. बघायची फक्त.

हा नुसता तोरा नव्हता. चैत्रात मरीआईची जत्रा भरायची, तेव्हा देवीपुढचा पहिला सुरा कुणाच्या घरातून निघायचा हे खाटकांचे पंच ठरवत. तो मान रंभाबाईच्या सासरी चार पिढ्या होता. नवरा गेला, मान गेला नाही. सुरा चालवायचा तिचा मुलगा भिमा, पण हळदकुंकू लावून सुऱ्याचं ताट उंबऱ्याबाहेर आणायची ती रंभाबाई. त्या दिवशी ती हिरवं इरकली लुगडं नेसायची आणि निम्मा बाजार देवीकडं बघायचा, निम्मा तिच्याकडं. अट एकच, आणि ती जुनी: ज्याच्या ओंडक्यावरून शिळं गेलं, त्याच्या घरचा सुरा देवीला चालत नाही.

आता अशा बाईच्या माळ्यावर बोकडाचा पाय तीन महिने लोंबकळत राहिला, हे कसं घडलं ते सांगायला पाहिजे.

त्या साली एका गिरणीत नवे माग आले आणि ते उभे करायला इटली नावाच्या मुलखातून एक साहेब आला. मिशा पिळलेल्या, तोंडाआधी हात बोलणारे. नाव बतिस्ता. बाजारानं एका दिवसात त्याचं बत्तीसाहेब करून टाकलं. त्याला मोडकं इंग्रजी यायचं, म्हणून त्याचं बोलणं मराठीत करायला गिरणीनं यज्ञेश्वर नावाचा कारकून दिला होता. यज्ञेश्वर ब्राह्मण माणूस. मटणबाजार त्यानं जन्मात बघितला नव्हता आणि आल्यावरही बघितला नाही. नाकाला उपरणं लावून तो सारखा आभाळाकडं बघत उभा राहिला, त्यामुळं खाली पाय कशात पडला हे त्याला घरी गेल्यावर कळलं.

"रंभाबाई," तो आभाळाला म्हणाला, "साहेबांना बोकडाचे दोन मागचे पाय हवेत. खुरासकट."

"खूर कशाला? सायेब त्याला चालायला शिकवनार हाय व्हय?"

मग यज्ञेश्वरनं उपरण्यातून सगळं सांगितलं. साहेबाचं गाव डोंगरातलं. तिथले मेंढके थंडी पडली की बोकडाचे पाय मिठात घालतात, टांगून ठेवतात आणि तीन महिन्यांनी खातात. इथं साहेबाच्या बंगल्यात मुंग्या फार. बाईंनी आपल्या माळ्यावर टांगायला जागा द्यावी.

रंभाबाईनं सत्तूर ओंडक्यात रोवला. "सायबाला सांगा, ह्ये दुकान हाय, मसनवाट न्हाय. हितं मेल्यालं दुपारपतुर ऱ्हातं."

यज्ञेश्वरनं ते साहेबाला सांगितलं. साहेब हसला, दोन्ही हात हलवून बरंच काही बोलला. यज्ञेश्वर घुटमळला.

"काय म्हनला?"

"ते म्हणतात, मुंबईत विचारलं, पुण्यात विचारलं. या देशातल्या खाटकाला बोकड मारता येतो, राखता येत नाही."

दुसरी कुणी असती तर पदर सावरून आत गेली असती. रंभाबाईनं सत्तूर उपसला.

"दोनच पाय?" ती म्हणाली. "आन तीनच म्हैने?"

मार्गशीर्षातल्या एका सकाळी साहेब माळ्यावर बाह्या सरसावून बसला. खडे मीठ, लसूण, काळी मिरी, लवंग, तमालपत्र, आणि एक बाटली लाल दारू. त्यातली निम्मी त्यानं पायांना पाजली, निम्मी आपण प्याला. मग बाळंतिणीच्या पोराला चोळावं तसे त्यानं ते पाय चोळले.

"आत्याबाई," सून वच्छला दारातून म्हणाली, "आता अंगाई बी म्हनंल ह्यो."

साहेबानं खरंच गाणं म्हटलं.

पुढं दर रविवारी तो यायचा. खिशातून हाडाची एक बारीक सुई काढायचा, सांध्याजवळ पायात खुपसायचा, उपसून नाकाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. खाली गल्लीत यज्ञेश्वर उपरण्यात तोंड घालून उभा. गिऱ्हाइकं मटण घेता घेता वर बघून विचारायची, "पेशंट कसा हाय, बाई?"

"तुज्यापरीस बरा," रंभाबाई म्हणायची.

पौषात पायांवर पांढरा बुरा चढला. वच्छला राख आणि काथ्या घेऊन माळ्यावर निघाली, तिला रंभाबाईनं शिडीवरूनच परत आणलं.

"त्यो चांगला आसतोय म्हनं."

"लोनच्यावर आला आसता तर तुमी बरनीसकट मला भाईर काडली आसती."

"सायेब म्हनतो चांगला."

"सायबाला काय, त्येला सासू न्हाय," असं म्हणून वच्छलानं राख परत चुलीपाशी नेली.

पण रंभाबाईच्याही मनात पाल चुकचुकत होती. दुपारी सून भांडी घासायला बसली की ती हळूच शिडी चढायची आणि पायांचा वास घ्यायची. घाण यायला पाहिजे होती, येत नव्हती. तीस वर्षांत मटणानं तिचं ऐकलं नाही असं कधी झालं नव्हतं, म्हणून ती आणखीच चिडायची.

फाल्गुनात एका सोमवारी साहेब लांब पातळ सुरी घेऊन आला. त्याला मद्रासकडच्या दुसऱ्या गिरणीत जायचा हुकूम झाला होता. त्यानं एक पाय खाली आणला, मांडीकडची बाजू खांद्याला टेकवली, खुराचं टोक डाव्या हातात धरलं आणि सुरी आडवी ओढायला लागला. सगळा बाजार गोळा झाला.

"बत्तीसायेब सारंगी वाजिवतोय," कुणीतरी म्हणालं.

कांद्याच्या सालीएवढे पातळ, गडद लाल काप पडायला लागले. पहिला काप साहेबानं वाकून रंभाबाईपुढं धरला. तिचा सोमवार. तिनं हात जोडले. साहेबानं तो काप स्वतःच्या तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"ह्ये काय?" रंभाबाईनं विचारलं.

"मीठ बघतायत," गटाराच्या पलीकडून यज्ञेश्वर म्हणाला.

हे तिला पटलं. चुलीवर चढवायच्या आधी कुणीही मीठ बघेल.

तो पाय साहेबानं आपल्याबरोबर घेतला. दुसरा रंभाबाईला दिला. गिऱ्हाइकांना वाटा, त्यांना कसं वाटतं ते मला पत्रानं कळवा, म्हणाला. खायचं कसं तेही सांगितलं, बराच वेळ, बोटं चिमटीत धरून. यज्ञेश्वरनं ऐकलं, उपरणं नाकाशी आणखी घट्ट धरलं आणि म्हणाला, "मंद आचेवर चांगलं शिजवून खायचं."

रंभाबाईनं दुसऱ्या दिवशी सत्तुरानं निम्म्या पायाची खांडोळी केली आणि आठ जुन्या गिऱ्हाइकांना एकेक तुकडा दिला. फुकट देणं तिला नवं होतं, म्हणून प्रत्येक तुकड्याबरोबर तिनं दोन शब्दही सुनावले.

तिसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत नरसय्या दारात उभा. साखरपेठेतला विणकर, शांत माणूस. त्या दिवशी त्याचे ओठ फाटले होते.

"अक्का, तीन घंटे शिजिवलं. चूल दमली, ते न्हाय दमलं. बायको म्हनली अंबाड्याच्या भाजीत टाकू. भाजी खारट. भाजीत वरन वतलं, वरन खारट. टाकून कसं द्यावं म्हनून सात मान्सांनी खाल्लं. काल आमी रांजन प्यालो, अक्का. शेजाऱ्याचा बी."

हवालदारीणबाईंनी तुकडा कागदात बांधून परत पाठवला आणि निरोप दिला की ह्यांच्या बुटाचा तळ निघालाय, तेवढा बसवून द्या. तालमीतल्या वस्तादानं सांगितलं की त्याच्या एका पठ्ठ्याचा जबडा कुलूप लागल्यासारखा बसलाय, पण पोरगं बडबडं होतं, तेव्हा तक्रार नाही. एका म्हाताऱ्या मास्तरांनी तो तुकडा औषध समजून फडताळात ठेवला होता. त्यांचंच काय ते समाधान होतं.

कोंडीबानं आरडाओरडा केला नाही. केला असता तर रंभाबाईला सोपं गेलं असतं. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हळू आवाजात एवढंच म्हणायला लागला, "वैनी आता म्हाताऱ्या झाल्या. नाक ऱ्हायलं न्हाय त्येंचं. तीन म्हैन्याचा पाय वाटला बगा लोकांना." आणि चुकचुकायचा. ते चुकचुकणं रंभाबाईला रस्त्यापलीकडून ऐकू यायचं.

पंचांपर्यंत गोष्ट गेली. पंचांचा म्होरक्या रामहरी तात्या, ऐंशीच्या घरातला. त्याचा निरोप आला: रविवारी ओंडके धुतले की येतो. पाय बघतो. शिळा निघाला तर औंदा सुरा कोंडीबाच्या घरातनं. त्याच संध्याकाळी कोंडीबाच्या बायकोला कुणीतरी कापडाच्या दुकानात हिरव्या इरकलीवर हात फिरवताना बघितलं.

रंभाबाईनं पदर खोचला आणि थेट यज्ञेश्वरचं घर गाठलं. आत गेली नाही. गल्लीत उभी राहिली आणि चार घरांना पुरेल एवढ्याच आवाजात बोलली.

"यज्ञेश्वरराव, सायेब त्या दिशी काय म्हनला त्ये शब्दाला शब्द सांगा."

यज्ञेश्वर जानव्याशी चाळा करत बाहेर आला. "सांगितलं की तेव्हाच."

"तुमी म्हनला त्ये न्हाय. सायेब म्हनला त्ये."

तो खाली बघायला लागला. आभाळाकडं बघायची सवय त्या दिवशी सुटली होती. "ते म्हणाले, कागदासारखं पातळ कापायचं. आणि कच्चं खायचं. शिजवायचं मुळीच नाही."

"मंग तुमी शिजवा का म्हनला?"

"अहो, माणूस कच्चं मांस खाईल का? मला वाटलं, परका माणूस आहे, चुकून बोलून गेला. मी सुधारून सांगितलं."

"आन मीठ बगत्यात म्हनला ते?"

"तेही मीच."

रंभाबाईनं दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"ऐतवारी बाजारात यायाचं. पंचांफुडं ह्येच बोलायचं. न्हाय आला, तर मी रोज सकाळी हितं ईन आन सायेब काय म्हनला त्ये समद्या गल्लीला सांगंन. कसं कापायचं, कसं जिबंवर ठिवायचं, सारं हातानं करून दावंन."

आतून त्याच्या बायकोचा, पद्मजाबाईंचा आवाज आला, "जाऊन या हो तुम्ही."

घरी येऊन रंभाबाई माळ्यावर चढली. निम्मा पाय उरला होता. तिनं बुरा पुसला, साहेबासारखा पाय खांद्याला लावला, खूर हातात धरला आणि सगळ्यात लांब सुरी ओढली. पहिला काप टाचेएवढा जाड. दुसरा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला नाहीच. तीस वर्षं तिचा हात वरून खाली चालला होता, त्याला आडवं चालायला शिकवता शिकवता दुपार झाली. मग एक काप असा पडला की त्यातून खिडकीचे गज दिसले.

कच्चं तिनं कधी खाल्लं नव्हतं. मरीआईचं नाव घेतलं आणि काप जिभेवर ठेवला. आधी मीठ आलं, थांबलं, गेलं. मग लसूण. मग हळूच बोकड आला. पण तिच्या ओळखीचा, दुपारपर्यंतचा बोकड नव्हे. हा वयस्कर, चार गावचं पाणी प्यालेला, सावकाश बोलणारा. तोंडात विरघळून गेला तरी बोलतच राहिला.

"कसं लागतंय, आत्याबाई?" वच्छला शिडीवरून म्हणाली.

"सरक तितनं, उजेड आडवतीस," रंभाबाई म्हणाली आणि दुसरा काप काढला.

रविवारी ओंडके भिंतीला लागले आणि बाजार रंभाबाईच्या दारात जमला. रामहरी तात्याला बाजेवर बसवलं. तात्याच्या तोंडात एकच दात होता, तोही आठवणीपुरता. कोंडीबा धुतलेलं धोतर नेसून आला होता.

"तात्या, मला वैनीचा मान हाय," त्यानं सुरुवात केली. "पन तीन म्हैने म्हंजे तीन म्हैने. शिळं त्ये शिळं."

"कोंडीबा," रंभाबाई म्हणाली, "तुज्या घरी शिंक्यावर कडक भाकरी हाय?"

"हाय की. कुनाच्या घरी न्हाय?"

"कदीची?"

"आसंल पंध्रा-ईस दिसाची."

"मंग शिळी खातुस व्हय रं?"

"शिळी कशी, वैनी? मुद्दाम वाळवल्याली हाय ती. शिळी म्हंजे खायची ऱ्हाऊन गेल्याली."

बोलून गेला आणि त्याच्या लक्षात आलं. गर्दीत नरसय्या पहिला हसला, फाटक्या ओठांनी, म्हणून त्याला ते दुखलंही.

"ऐकलंसा, तात्या? माज्या तोंडाचं न्हाय, ह्येच्या तोंडाचं हाय," रंभाबाई म्हणाली. "मुद्दाम राखल्यालं, त्ये शिळं न्हवं. आता त्ये शिजवायचं हुतं का न्हाय, त्ये ह्ये यज्ञेश्वरराव सांगतील."

यज्ञेश्वर पुढं आला. उपरणं नाकाला नव्हतं, दोन्ही हातांत घट्ट पिळलेलं होतं. "साहेबांनी कच्चं खा असं सांगितलं होतं. मी शिजवा असं सांगितलं. सद्‌हेतूनं सांगितलं," तो म्हणाला.

"म्हंजे आमचं दोन रांजन पानी ह्येंच्यामुळं व्हय?" नरसय्यानं विचारलं.

"हो," यज्ञेश्वर म्हणाला.

तात्यानं हात वर केला. "लई बोलनं झालं. पंच कानानं खात न्हाईत. काप, रंभाबाई."

रंभाबाईनं पाय खांद्याला लावला. आज कुणी सारंगी म्हणालं नाही. सुरी आडवी सरकली आणि एक काप अलगद खाली आला. तिनं तो तात्याच्या तळहातावर ठेवला. तात्यानं तो उन्हाकडं धरला. पलीकडून ऊन लाल दिसलं. मग तोंडात ठेवला आणि तोंड मिटलं.

तोंड हलेना. गाल हलेना. कोंडीबा आशेनं पुढं वाकला. "थुंका, तात्या. लाज नगा धरू."

तात्यानं माशी हाकलावी तसा त्याला हात केला. मग गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. तात्यानं परत तळहात पुढं केला. दुसरा काप. मग तिसरा.

"सा वर्सं झाली," शेवटी तात्या म्हणाला, "सा वर्सं मी नुसता रस्सा पितोय. सुनंला म्हनतो, मटान दे. ती म्हनती, दात आना. आन ह्येला दातच लागंना." त्यानं बोटं चाटली. "शिळ्याला चव नसती. ह्येला हाय. सुरा हाय तितंच ऱ्हाईल."

मग कोंडीबाकडं न बघता म्हणाला, "उरल्याला पाय माज्याकडं लावून दे, बाई. पंचांचा आजून पुरता तपास झाला न्हाय."

गर्दी पुढं सरकली. ज्यांना आधी तुकडे मिळाले होते ते सगळ्यांत पुढं. वस्तादाचा पठ्ठ्याही आला, जबडा धरून. शेवटी कोंडीबानंही हात पुढं केला. रंभाबाईनं त्याच्याकडं बघितलं, सुरी बाजूला ठेवली, सत्तूर घेतला आणि चांगला अंगठ्याएवढा जाड तुकडा तोडून त्याच्या हातावर ठेवला.

"तुला दात हायत की," ती म्हणाली.

कोंडीबा तो तुकडा संध्याकाळपर्यंत चघळत होता. बोलायला तोंड मोकळं नव्हतं, त्यामुळं बाजाराची ती दुपार फार शांत गेली.

जत्रा झाली. हिरवी इरकल नेसून ताट रंभाबाईनंच आणलं. मग तिनं यज्ञेश्वरला पत्र लिहायला बोलावलं. तो आला, दुकानाच्या पायरीवर बसला, दौत टेकवली.

"मी बोलते तसं लिवा," ती म्हणाली. "सुधारायचं न्हाय."

"नाही सुधारत."

"लिवा. बत्तीसायबास रंभाबाईचा रामराम. तुमचा पाय आमी आदी शिजिवला. त्यो गुना आमच्याकडचा. कुनाचा, त्ये ह्यो लिवनारा वळखतो."

लेखणी थांबली.

"लिवा, लिवा. मंग कच्चा खाल्ला. गिऱ्हाइकं म्हनली, बरा हाय. पंच म्हनला, आजून पायजे. फुडल्या मार्गशीर्षात मी आठ पाय टांगनार हाय, तुमच्या लाल बाटलीबिगर. हितल्या खाटकाला राखता येत न्हाय म्हनला हुता, त्यो शब्द माघारी घ्या, आन घेतला म्हनून उलट टपालानं कळवा."

यज्ञेश्वरनं सगळं लिहिलं आणि विचारलं, "चवीचं काय लिहू? साहेबांना तेच कळायला हवंय."

रंभाबाईनं पळसाच्या पानावरचा शेवटचा काप उचलला आणि त्याच्यापुढं धरला. यज्ञेश्वर पायरीवरच मागं सरकत भिंतीला टेकला.

"न्हाय? मंग तसं लिवा," ती म्हणाली. "चव लई चांगली, पन लिवनाऱ्यानं चाकल्याली न्हाय."

यज्ञेश्वरनं लेखणी दौतीत बुडवली आणि एक अक्षरही न सुधारता ते तसंच लिहिलं.